चार हातांचा शिंपी

गोदामाच्या कचेरीतल्या त्या कारकुनाला सगळे 'तिहेरी' म्हणत, कारण तो भला माणूस कुठलाही फोटो एकदाच काढत नसे. एकच दृश्य तीनदा टिपायचं: एक काळपट, एक बेताचा, एक उजळ. मग संगणकावर तिन्ही एकमेकांवर चढवायचे, म्हणजे सावलीतलंही दिसतं आणि उन्हातलंही. याला एचडीआर म्हणतात, हे त्यांनी कचेरीतल्या प्रत्येकाला किमान दोनदा समजावलं होतं. सुरुवातीला हात जरा सढळ होता. त्या काळातल्या एका फोटोत मेहुणीचा चेहरा घासलेल्या पितळेसारखा चकाकला आणि ओठावरची लव मोजता येऊ लागली. मेहुणी सहा महिने बोलली नाही.

सासरे बोलत, ते जास्त अवघड होतं. ते शिंपी. "हत्यार चांगलं आहे तुमचं," एवढंच म्हणत आणि पुन्हा कापडाकडे वळत.

पण दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा त्यांनीच निरोप धाडला. मशीन विकलं होतं, दुपारी टेम्पो येणार होता. त्याआधी मशीनवर बसलेला एक फोटो हवा. सतरा वर्षांत सासऱ्यांनी जावयाकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिहेरींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दुकान एचडीआरसाठीच बांधल्यासारखं होतं. आत अंधार, मशीनमागच्या मोठ्या खिडकीत उन्हानं भाजलेला रस्ता. तिहेरींनी ट्रायपॉड रोवला.

"बाबा, आता अजिबात हलू नका."

"माप घेताना चाळीस वर्षं हेच म्हणतोय मी गिऱ्हाइकांना."

"मग तुम्हाला जमेलच."

जमलं नाही. पहिल्या फोटोला सासऱ्यांचा उजवा हात मशीनच्या चाकावर होता. दुसऱ्याला तो दोरा नीट करायला सुईपाशी गेला. तिसऱ्याला कात्री सरळ ठेवायला. "झालं?" त्यांनी विचारलं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं, म्हणून तिहेरी "झालं" म्हणाले. तेवढ्यात टेम्पो आला आणि मशीन गेलं.

घरी तिन्ही फोटो एकावर एक चढले, तेव्हा बायको मागेच उभी होती.

"अहो, बाबांना चार हात फुटलेत!"

"सावली किती सुरेख आलीय, ते बघ ना."

"सावलीचं काय घेऊन बसलात? खेकडा केलात माझ्या बाबांचा. मधला एकटा द्या मुकाट्यानं. त्यात हात तरी मोजून दोन आहेत."

पुन्हा काढायचा तर मशीन कुठलं? तिहेरींनी मधला फोटो छापून घेतला आणि संध्याकाळी दोघं तो घेऊन गेली.

सासऱ्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "बरा आहे. खिडकीत पांढरं कापड टांगलं होतं का?"

"ऊन फार होतं, बाबा."

"आणि समोरचा घड्याळजी? मान वर केली की तोच दिसायचा मला. तो नाही, तर मग दुकान कसलं हे?"

बायको डोळे वटारत असतानाही तिहेरींनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि चार हातांचा फोटो समोर ठेवला. खिडकीत रस्ता लख्ख होता. रस्त्यापलीकडे डोळ्याला भिंग लावून घड्याळजी बसला होता, त्याच्या मागची घड्याळंसुद्धा एकेक दिसत होती.

सासरे पडद्याजवळ वाकले. मग बोटानं हात मोजले.

"दोन जास्तीचे झालेत," तिहेरी खालच्या आवाजात म्हणाले. "माझी चूक."

"जास्तीचं कापता येतं, जावईबुवा. घड्याळजी कमी पडला असता तर कुठून आणणार होता? हं, घ्या पुसायला. कात्रीवरचा हात राहू दे."

सासरे खुर्चीमागे उभे राहिले आणि तिहेरी सुईवरचा हात पुसून चाकावरच्या हाताकडे वळले.

"अंहं, एकदम कडेला चिकटून कापू नका. थोडी माया सोडा."

शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड. तिहेरींनी ती इमानानं सोडली. त्यामुळे भिंतीवरच्या त्या फोटोत चाकाच्या कडेला अर्धं बोट दिसतं. कोणी विचारलं की सासरे म्हणतात, "माझंच आहे ते. जावयांनी माया ठेवलीय."