भाऊच्या लॅपटॉपमधली रंगांची सेटिंग

भाऊच्या लॅपटॉपमध्ये मी एक सेटिंग गुपचूप चालू करून ठेवली, हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. भाऊला अजूनही वाटतं, स्क्रीन चांगला मिळाला म्हणून त्याला दिसत होतं.

भाऊ म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मालगाडीचा लोको पायलट, भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारा. पन्नाशीच्या अलीकडे त्याला फुप्फुसाचा टीबी निघाला. ड्युटी सुटली, सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि तो वहिनीला घेऊन जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी येऊन राहिला. आई-वडील गेल्यापासून ते घर कुलपातच होतं. मी धुळ्याला असतो, एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. शनिवारी दुपारी एसटी पकडून जळगावला जायचं, रविवारी परत यायचं, असं सुरू झालं.

खोकला थांबला तसा भाऊ घरात मावेना. एका शनिवारी मी चपला काढतोय तोवर म्हणाला, “तुझ्या कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ असतो ना? आमच्याकडची नवीन पोरं खेळतात. तो टाकून दे मला.”

“या वयात गेम खेळणार?”

“गेम नाही रे, सिम्युलेटर. ट्रेनिंगला आम्हाला तसल्याच खोलीत बसवलं होतं. हात बंद पडायला नको. परत इंजिनावर चढायचंय मला.”

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “द्या भावजी काहीतरी. नाहीतर हे मिक्सरलाच शिट्टी लावतील.”

पुढच्या खेपेला मी माझा जुना लॅपटॉप नेला. त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स. मी पहिल्यापासून लिनक्सवाला. फुकट आहे, व्हायरस नाही, जुन्या मशीनवरही चालतं, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. खेळ विंडोजसाठी केलेला होता, पण थोडी खटपट केली की लिनक्सवरही चालायचा. अडखळत का होईना. कुणा हौशी माणसानं भुसावळ ते मनमाड सगळा मार्ग त्यात बनवून ठेवला होता. शिरसोली, म्हसावद, पाचोरा, एकेक स्टेशन. भाऊ बघतच राहिला.

“बस इथं. तू माझा सहायक.”

इंजिनात सिग्नल नुसता बघून चालत नाही, तो मोठ्यानं पुकारायचा असतो. पायलट पुकारतो, सहायकही पुकारतो, आणि दोघांचं जुळलं की गाडी पुढे. भाऊनं मला आधी तेवढंच शिकवलं. “माझं ऐकून बोलायचं नाही. स्वतः बघून बोलायचं. मी चुकलो तर तू माझा ब्रेक, समजलं?”

म्हसावद मागे पडलं. लांबवर दिव्याचा ठिपका आला. भाऊनं हात उचलला. “हिरवा!”

“भाऊ, लाल आहे.”

“हिरवा रे.”

“लाल आहे, भाऊ!”

त्यानं ब्रेक ओढला, पण गाडी सिग्नल ओलांडून गेली आणि खेळ तिथंच थांबला. वहिनी दारात येऊन म्हणाली, “काय झालं? डबे घसरले?”

“डबे नाही, याचं लिनक्स घसरलं,” भाऊ म्हणाला. “लाल रंगच येत नाही नीट.”

मलाही ते पटलं. माझा स्क्रीन जुना, फिका पडलेला. भाऊ म्हणाला, नवीनच घेऊ या, आणि आम्ही बाजारात गेलो.

दुकानदारानं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले. एक स्वस्त, विंडोज नसलेला. त्याच्यावर लिनक्स टाकायचं मी येतानाच ठरवलं होतं. दुसऱ्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज.

“कशाला पाहिजे साहेब? ऑफिस, का मुलांचा अभ्यास?”

“मालगाडी चालवायला,” भाऊ म्हणाला.

दुकानदार हसला. भाऊ हसला नाही. म्हणाला, “यावर एक सिग्नलचा फोटो लाव. मोठा. लाल पेटलेला.” आणि स्वतः मागे मागे जात थेट दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. इंजिनातून दिसतो तसा लांबून बघायचा होता त्याला.

दुकानदारानं दोन्ही स्क्रीनवर फोटो लावला.

“याच्यात पिवळट दिसतो,” भाऊ दारातून म्हणाला. “आणि त्याच्यातही.”

“काय साहेब, लालभडक आहे की!”

“मग तुझ्या दोन्ही स्क्रीनमध्ये खोट आहे.”

तो जवळ आला, वाकला, आणि म्हणाला, “हां, लाल.” मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. तो रंग बघत नव्हता. सिग्नलचे दिवे वरून खाली मोजत होता. सगळ्यात खालचा पेटलाय, म्हणजे लाल. माझा स्क्रीन फिका नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरून बोट फिरवत म्हणालो, “हा विंडोजवाला द्या.”

भाऊ उडालाच. “अरे, तुझं लिनक्स कुठं गेलं? जन्मभर विंडोजला शिव्या घातल्या ना!”

“या खेळाला हेच बरं.”

ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना जन्मापासून लाल-हिरवं कळत नाही. त्यांच्यासाठी मी विंडोजमधली रंग बदलून दाखवणारी सेटिंग चालू करून दिली होती. एक बटण, की लाल आणि हिरवा वेगवेगळे ओळखू येतात. लिनक्सवर तेच करायला मला वेळ लागला असता, आणि भाऊ शेजारी बसून विचारत बसला असता, काय करतोस म्हणून.

घरी आल्यावर भाऊ गोळ्या घ्यायला आत गेला. तेवढ्यात मी ते बटण दाबलं.

त्या दुपारी त्यानं पाचोऱ्यापर्यंत गाडी नेली. एकही सिग्नल चुकला नाही. लांबून, ठिपक्यावरून ओळखत होता. मी सहायक म्हणून पुकारत होतो आणि आमचं दर वेळी जुळत होतं. “आते बोल!” आनंदात आला की तो असा आईच्या बोलीवर येतो. “मना डोया नही, तुनं लिनक्स आंधळं व्हतं!” दोष त्याच्या डोळ्यांत नव्हता, माझ्या लिनक्समध्ये होता, असं त्याचं म्हणणं.

मध्येच म्हणाला, “झाडं मात्र जरा वेगळीच दिसतात याच्यात.”

“ग्राफिक्स कार्डामुळे,” मी म्हणालो.

वहिनीनं त्या दिवशी फुणके-कढी केली. मी दोनदा वाढून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मोबाईलवर भाऊच्या गोळ्यांची नावं टाकून बघितली. त्यातल्या एका गोळीनं क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो. आधी लाल-हिरव्यातला फरक जातो. लगेच डॉक्टरांना सांगितलं तर गोळी थांबवतात, आणि बऱ्याच जणांची नजर सुधारते. उशीर झाला तर खात्री नाही. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली होती. मी तो मजकूर पुन्हा वाचला आणि मोबाईल खिशात ठेवला.

मी का बोललो नाही? मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पारोळ्यापासून मला सगळं माहीत होतं. मला एवढंच वाटत होतं, की भाऊचं इंजिन जायचंच असेल तर ते माझ्या तोंडून जायला नको. दुसऱ्या कुणीतरी सांगावं. पुढच्या शनिवारी सांगू. नाहीतर त्याच्या पुढच्या.

शनिवार येत राहिले. एकदा वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “भावजी, यांनी सगळे कच्चे टमाटे उचलून आणले. म्हणे लाल आहेत.”

“घाईत घेतले असतील.”

“घाई कसली? एकेक हातात घेऊन बघत होते.”

मी पाणी मागितलं आणि विषय तिथंच संपवला.

डॉक्टरांकडे मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. चांगले डॉक्टर. प्रत्येक वेळी न चुकता विचारायचे, तसं त्यांनी विचारलं, “डोळ्यांचं काय? रंग नीट दिसतात ना?”

“एकदम,” भाऊ म्हणाला. “रोज सिग्नल बघतो ना डॉक्टरसाहेब. लॅपटॉपवर. लांबून ओळखतो. आमच्या सहायकाला विचारा.”

डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले. “काय हो सहायक? बरोबर सांगतात ना हे?”

भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर कसला तरी लाल फुलांचा फोटो होता. मला नुसतं बोट दाखवून म्हणायचं होतं, भाऊ, ही फुलं कुठल्या रंगाची?

“हो,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी तीच गोळी पुढे लिहून दिली.

गोळ्या संपल्या. फुप्फुस स्वच्छ झालं. भाऊनं ड्युटीवर जायची बॅग भरली, बुटांना पॉलिश केलं. रेल्वेच्या तपासणीला मी रजा टाकून गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिथं रंगीत ठिपक्यांची पानं दाखवतात, अंधाऱ्या खोलीत लांबून छोटे दिवे दाखवतात. तो बाहेर आला तेव्हा हातात कागद होता आणि तो दारातच उभा राहिला.

“नाही म्हणाले.”

मी उठलो.

“घरी तर दिसतं रे,” तो म्हणाला. “तूच सांग, घरी दिसतं ना? तू बघितलंय.”

मी त्याची बॅग उचलली. म्हणालो, “चल, चहा घेऊ.”

आता भाऊ इंजिनावर नाही. त्याला भुसावळलाच टेबलाचं काम दिलंय. इतर पायलट ड्युटीवर जाताना त्याच्यासमोर सह्या करतात, तो त्यांच्याकडे बघत नाही. पण खरी गोष्ट पुढेच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? भाऊ म्हणाला, अचानक. गोळ्या चालू होत्या तोवर रोज लाल-हिरवं बरोबर ओळखत होतो, त्या संपल्यावर तपासणीच्या दिवशी गेलं. डॉक्टर म्हणाले, मग गोळीकडे बोट दाखवता येत नाही, दुसरं कारण शोधावं लागेल. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, मशीनमध्ये झोपवून डोक्याचे फोटो झाले. काही निघालं नाही, तर अजून मोठ्या डॉक्टरांचं नाव दिलं.

गेल्या रविवारी मी निघताना तो फाटकापर्यंत आला. वहिनी आत आहे हे बघून हळूच म्हणाला, “डोक्यात गाठ असंल का रे? लपलेली? सांगत नसतील मला?”

“नाही रे भाऊ, काहीतरीच.”

“तुले काय माहीत?”

मला माहीत होतं. मी रिक्षाला हात केला.

भाऊची नजर गोळ्या चालू असतानाच गेली होती, त्याच्या डोक्यात गाठ शोधायची गरज नाही, आणि हे मला नवीन लॅपटॉप घेतला तेव्हापासून ठाऊक होतं. एवढं मी त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.