दीड मीटरची पकड

माझा नवरा दिवसभर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला चिप बनवायच्या मशीनवर काम करायचा, पण कुणी विचारलं की "मी कोच आहे" म्हणून सांगायचा. न्यूनेनजवळच्या एका छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे बॉल हातात घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायच्या खेळाची, टीम होती, तिचा हा हेड कोच. फुकटात! मूळचा सांगलीचा कबड्डीवाला. शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथल्या लहानशा कॉलेजात या खेळानं त्याला पछाडलं. इथल्या धिप्पाड डच पोरांना तो चक्क कबड्डीची साखळी शिकवायचा. हातात हात घालून उभं राहायचं आणि समोरचा आला की सगळ्यांनी मिळून झडप घालायची. "अंगाला अंग भिडल्याशिवाय कसला खेळ?" हे त्याचं पालुपद ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग कोविड आला, दीड मीटर अंतराचा नियम आला, आणि सगळं ठप्प झालं. पोरं गळायला लागली. कॉलेजनं स्पष्टच सांगितलं, सामने परत सुरू झाले की टीम नीट उभी राहिली पाहिजे, नाहीतर मैदान हॉकीवाल्यांना देऊ. त्या दिवसापासून याचं जेवणात लक्ष लागेना. मुलगी म्हणाली, "पप्पा, इट्स जस्ट अ हॉबी." तो ताटावरून उठून गेला. इतकी वर्षं जीव ओतलेली गोष्ट, आणि म्हणे हॉबी!

शेवटी त्यानं डोकं लढवलं. माझी कपडे वाळत घालायची दोरी उचलून नेली, मला न विचारता, आणि तिचे दीड मीटरचे तुकडे केले. साखळी तीच, फक्त शेजारच्याचा हात धरण्याऐवजी मधे दोरी. समोरच्यावर धावून जायचं आणि दोरीभर अंतरावर थांबायचं. कुणी जरा पुढे सरकला की हा शिट्टी फुंकून ओरडायचा, "दीड मीटर!" नियम मोडला तर नगरपालिका मैदानच बंद करेल, अशी धास्ती. हिवाळाभर त्या चिखलात हेच चाललं. मी चहाचा थर्मास घेऊन उभी राहायचे आणि चरफडायचे. "आजारी पडलास तर मी काही करणार नाही हं!"

निर्बंध उठले आणि सामना ठरला. त्यांचा गडी बॉल घेऊन सुसाट आला. आमची पोरं त्याच्यावर धावली आणि ऐन वेळी थबकली. अर्धं पाऊल, बस्स. तेवढ्यात तो निसटला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. "अरे धरा त्याला! धरा!" नवरा मराठीतून ओरडत होता. मग त्याचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचा चेहरा बघून माझ्याही. हिवाळाभर त्यानंच पोरांना थांबायला शिकवलं होतं.

धुव्वा उडाला. कॉलेजचे गृहस्थ आले, इथल्या रीतीनं अगदी शांतपणे म्हणाले, मैदान हॉकीला जाईल. नवऱ्यानं मान हलवली.

पोरं घरी निघाली. कॅप्टन तेवढा मागे राहिला. डोळे लाल, चिखलानं माखलेला, दोन्ही हात पसरून कोचकडे येत होता. आणि नवऱ्याचा हात आपोआप वर गेला. तोंडातून निघून गेलं, "दीड मीटर!"

कॅप्टन जागच्या जागी थांबला. बरोबर दोरीभर अंतरावर.