घसरगुंडीवरून उतरणारं विमान

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. मोरिवलीत कांबळेच्या खिडकीखाली एक बाकडं आहे, तिथं ते कचऱ्यासारखे आपोआप साचतात. फक्त हा कचरा न्यायला घंटागाडी येत नाही, म्हणून मी लिहितो. सातवी नापास आहे, चुकलं तर हसा!

बाकड्यावर आम्ही तिघं. मी, कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेला कांबळे, आणि उल्हासनगरचा लच्छूशेठ, ज्याचं पंख्यांचं दुकान आता सून चालवते. दुपारी दोनला कांबळेवहिनी खिडकीतून तीन कप चहा देतात आणि आडव्या होतात. दोन वर्षांमागं हार्टचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने दुपारची झोप सांगितलीय. आणि नेमकी तेव्हाच मुंबईला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावर! वहिनींचा डोळा काही लागत नाही.

तरी बाई मायाळू. माझ्या कपात साखर कधीच नसते. माझ्या शुगरची केवढी काळजी!

*

कांबळेने कुठूनतरी नियम शोधून काढला. विमान म्हणे जिन्यासारखं उतरतं. थोडं खाली, मग सरळ, मग परत खाली. सरळ जाताना इंजिनाला जोर लागतो, तोच तो आवाज. त्यापेक्षा वरूनच घसरगुंडीसारखं एका दमात आणलं, तर इंजिन जवळपास गप्प.

लच्छूशेठ म्हणाला, "अरे साईं, पुलावरून उतरताना मी स्कूटर न्यूट्रलमध्येच सोडतो! इसका भी रूल होता है?"

*

कांबळेने विमानतळाकडे अर्ज ठोकला. उत्तर आलं, 'कोणतं विमान? नंबर कळवा.'

मी गंभीर तोंड करून सांगितलं, "पोटाखाली लिहिलेला असतो. दुर्बीण घे."

आठ दिवस गडी गच्चीवर! नवव्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधली काकू उगवली. "काका, काय शोधताय?"

"विमान."

"माझ्या पापडांत?"

*

एकदा लच्छूशेठच्या दुकानातल्या फोनवरून मीच आवाज बदलून कांबळेशी बोललो, "साहेबांचा निरोप आहे. गच्चीवर पांढरी चादर बांधा, पायलट आवाज कमी करेल."

कांबळेने बांधली. वारा फिरला होता की काय देव जाणे, पण त्या दुपारचं विमान खरंच कमी आवाजात गेलं! गड्याने मला पेढा दिला. मी तो गुपचूप लच्छूशेठला देऊन टाकला.

*

शेवटी एक अधिकारी चौकशीला आला. "बोला, अडचण काय?"

कांबळेने तोंड उघडलं, वरून विमान! "काय म्हणालात?" परत सुरुवात, परत विमान! असं तीनदा झालं. साहेब घड्याळ बघून उठले. महिन्याने रिपोर्टची कॉपी आली. 'तक्रारदाराचे म्हणणे ऐकू आले नाही.'

कांबळे हसला नाही. दुसऱ्या दिवशी नवीन अर्ज!

*

आता माझी एक खोड सांगतो. विमान आलं की कुणाला काही ऐकू येत नाही. मग मी हात जोडून, गोड हसून कांबळेला शिव्या घालायचो. तो मान हलवायचा, "हो, हो!" दोन वर्षं रोजचा कार्यक्रम.

परवा सव्वादोनला विमान डोक्यावर दिसलं. सवयीने हात जोडले आणि गळा काढून ओरडलो, "कांबळे, तुझ्या बायकोच्या चहापेक्षा एमआयडीसीचा नाला बरा!"

कांबळेचा अर्ज पावला होता, विमान घसरगुंडीवरून गेलं. आवाजच नाही! सगळी गल्ली माझ्याकडे बघतेय.

खिडकी उघडली. "भावजी, आज कुठं डोळा लागला होता. ओरडायचं कशाला? खिडकीतून रोज दिसतंच की. अठरा वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपात, पत्रे ठोकणाऱ्या मशीनींपाशी काढलीत मी. त्या धडधडाटात कोण काय बोलतंय, ते आम्ही ओठांवरूनच ओळखायचो."

खिडकी बंद.

कांबळेने आपल्या कपातला एक घोट घेतला. म्हणाला, "माझा तर गोड आहे बाबा!"