बूस्टरवर मावेल एवढं नाव

दोरीवर चार सदरे, दोन टॉवेल आणि एक परकर वाळत पडला होता. बादलीत चादर आणि धम्मशीलाबाईंची उपोसथाची पांढरी साडी पिळून तशीच राहिली होती. सिद्धोधन जोंधळे तोंडात दोन चिमटे धरून चादरीची टोकं जुळवत होते, तेवढ्यात फाटकातून नागनाथ मिस्तरीची हाक आली.

"डायवरकाका, माप घ्यायला या. टेप आणलाय."

काका काहीतरी बोलले, पण चिमट्यांमुळे ते कुणालाच कळलं नाही. चादर परत बादलीत गेली.

सैपाकघरातून धम्मशीलाबाईंचा आवाज आला, "अहो, साडी तरी टाकून जा! उद्या पौर्णिमा हाय. ओली साडी नेसून वंदनेला बसू का मी?"

"आलोच."

काकांचं हे 'आलोच' पालमच्या त्या गल्लीत प्रसिद्ध होतं. एसटीत होते तेव्हा गाडी घड्याळ लावावं अशी पोचायची. घरी बसल्यापासून धुणं त्यांच्याकडे आलं, आणि ते एकदाही वेळेवर दोरीला पोचलं नव्हतं.

बत्तीस वर्षं त्यांनी स्टेअरिंग धरलं आणि तेवढ्या वर्षांत कुणाला वरच्या पट्टीत बोलले नाहीत. कंडक्टर भांडायचा, प्रवासी भांडायचे, काका आरशात बघून नुसती मान हलवायचे. दोन्हीकडच्यांना वाटायचं, मान आपल्याच बाजूनं हलली. असा माणूस कुणालाच नकोसा होत नाही. त्याला विचारून मात्र कुणी काही करत नाही.

फाटकाबाहेर लिंबाखाली त्यांच्या वडिलांचा लांब नाकाचा जुना ट्रक उभा होता. एके काळी त्यानं तमाम तालुक्याचा कापूस वाहिला. आता तो वर्षातून एकदाच निघायचा, चौदा एप्रिलला. मागं फुलांत बसवलेली बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, गाणी म्हणणाऱ्या महिला मंडळाच्या बारा बायका, आणि पुढं इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात काका. त्या एका दिवसासाठी काका उरलेले दिवस धुणं वाळत घालायला तयार होते.

अडचण होती ती जुन्या स्टँडापासून वेशीपर्यंतच्या उताराची. त्या काळच्या गाडीला ब्रेक म्हणजे निव्वळ पायाचा जोर. मागच्या साली उतारावर काका दोन्ही पायांनी ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, तेव्हा गाडी थांबली. थांबली ती कलिंगडाच्या हातगाड्याला टेकून. दोन कलिंगडं फुटली. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेला होता. ही गोष्ट एकट्या धम्मशीलाबाईंना माहीत होती. विहारात काका चटईवर न बसता खुर्चीवर बसायला लागले होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पुढं बसून मागच्याला दिसत न्हाई, म्हणून आपलं मागं खुर्चीत." परभणीला गुडघ्याच्या डॉक्टरकडं जायचंही असंच 'आलोच'वर पडलं होतं. यंदा ब्रेक जमला नाही, तर जयंती मंडळ मिरवणुकीला ट्रॅक्टरची ट्रॉली लावणार, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

नागनाथनं नाकाडाचं झाकण उघडून टेप लावला. "हे बगा काका, बूस्टर म्हंजे हा असा गोल डबा. तुमी ब्रेकवर नुसता पाय ठिवायचा, बाकीचा जोर तो लावतो. डिझेल इंजन हाय म्हणून त्याला हवा ओढणारा बारका पंप डायनामोच्या मागं बसवावा लागंल. पण जागा बगा. इकडं स्टेरिंगचा दांडा, तिकडं ही बॅटरीची पेटी. मधी साडेआठ इंच. अकरा इंची मोठा डबा बसायचा न्हाई. सात इंची घ्या."

"सात इंचाला जोर पुरंल?"

"त्याच्या आत एकाच्या जागी दोन रबरी पडदे असतेत. दिसायला बारका, कामाला मोठ्याच्या बराबर."

काकांनी मान हलवली. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण तेवढ्यात आप्पाराव आले.

आप्पाराव कंत्राटं घेणारे गुत्तेदार होते आणि नगरपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या मनात तीन निवडणुकांपासून होतं. ते सगळीकडं नाव घालून भेटवस्तू द्यायचे. विहारातल्या पंख्याच्या पात्यांवर त्यांचं नाव होतं. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, म्हणून आप्पाराव आले की पंखा बंद करायची रीत पडली होती, मे महिन्यातसुद्धा. गणपतीची आरतीची थाळी त्यांची, उरुसाची ताडपत्री त्यांची, आणि ट्रकमधली ती बॅटरीची पेटीही त्यांचीच.

"बूस्टर माझ्याकडून!" आप्पारावांनी जाहीर केलं. "पण अकरा इंची."

"दादा, बसत न्हाई ते. ही पेटी तरी हलवावी लागंल," नागनाथ म्हणाला.

"पेटीवर नाव हाय."

"मग सात इंची घ्या की."

आप्पारावांनी दोन हातांनी हवेत सात इंच धरून बघितले. "एवढ्यावर 'सप्रेम भेट, भावी नगरसेवक आप्पाराव' कसं मावंल रे?"

"झाकणाखाली कोण वाचणार हाय ते?"

"मिरवणुकीत झाकण उघडं ठिवायचं!" आप्पारावांनी क्षणात तोड काढली. "काय डायवरकाका?"

झाकण उघडं ठेवलं तर समोरचा रस्ता दिसणार नाही, हे काकांच्या जिभेवर आलं होतं. पण सवय वाईट. त्यांची मान हलली, आणि आप्पारावांना वाटलं ती त्यांच्याच बाजूनं हलली.

घरी आल्यावर बादली तिथंच होती. धम्मशीलाबाईंनी साडी स्वतः दोरीवर टाकली आणि म्हणाल्या, "पंचशीलात खोटं बोलू नको म्हणलंय. गप बसू नको असं लिहिलेलं न्हाई, म्हणून तुमी सुटलात."

आठ दिवसांनी बूस्टर विहाराच्या अंगणात आलं. अकरा इंची, काळंभोर, आणि त्यावर पिवळ्या रंगात नाव आधीच रंगवून आणलेलं. आप्पारावांनी हार आणला होता, शिवाय फोडायला नारळ. नारळ फोडायची इथं पद्धत नाही, हे समजल्यावर तो धम्मशीलाबाईंनी चटणीला नेला.

नागनाथनं अंगणात आणलेल्या ट्रकचं झाकण उघडून बूस्टर जागेवर धरून बघितलं. आडवं धरलं, उभं धरलं. साडेआठ इंचांत अकरा इंच बसेनात.

"बदलून आणा," कुणीतरी म्हणालं.

"दुकानदार घ्यायला तयार न्हाई," आप्पाराव पडेल आवाजात म्हणाले. "म्हणतो, नाव घातलेलं परत घेऊन मी कुणाला विकू?"

बूस्टर आणून, जागेवर बसवून, मग नाव घालायचं असतं, एवढी साधी गोष्ट होती. पण या गावात नावाचा पेंटर नेहमी मिस्तरीच्या आधी पोचतो.

संध्याकाळी पाचला विहारात बैठक बसली. मंडळाचे सेक्रेटरी पंडितराव यांनी तोडगा मांडला, "यंदा बूस्टर गाडीच्या पुढं हार घालून बांधू. आप्पारावांचा मान राहतो. बसवायचं पुढल्या साली बघू. तोवर आपले काका हायतच. दोन पायांनी ब्रेक मारणारा डायवर जिल्ह्यात दुसरा न्हाई!"

टाळ्या पडल्या. पंखा बंद होता, त्यामुळं त्या चांगल्या ऐकू आल्या.

सगळे खुर्चीकडं वळले. काकांची मान हलायला निघाली होती. तेवढ्यात त्यांची नजर बायकांच्या चटईवर गेली. त्या बारा जणी तिथंच बसल्या होत्या, ट्रकमध्ये मूर्तीच्या पायाशी बसतात तशाच ओळीनं. धम्मशीलाबाई कडेला होत्या. चौदा एप्रिललाही त्या कडेलाच बसायच्या, फळीला पाठ लावून.

काकांची मान हलली. पण आडवी.

"माझा उजवा गुडघा गेलाय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाले. मागल्या साली गाडी मी थांबवली न्हाई. कलिंगडाच्या गाड्यानं थांबवली. बूस्टर न्हाई तर मी बसत न्हाई. ट्रॉली आणा, दुसरा डायवर आणा. पण ह्या बायांना घिऊन मी तो उतार उतरणार न्हाई."

बत्तीस वर्षांत एवढं लांब बोलणं त्यांच्याकडून कुणी ऐकलं नव्हतं.

"खुर्ची मागच्यांच्या सोयीची हाय म्हणत होते, बरं का," धम्मशीलाबाई हळूच म्हणाल्या. बायका फिसकन हसल्या, आणि मग काकाही.

आप्पाराव अजून हिशेब जुळवत होते. "पण काकू, सात इंचावर नाव..."

"आप्पाराव, नाव न्हाई मावलं तरी चालंल. आमी वर बारा चढलो तर खाली बाराच्या बारा उतरलो पायजे."

नागनाथनं नांदेडहून सात इंची आणवलं. स्टेअरिंग आणि पेटीच्या मधे ते बसलं, आणि वर झाकण नीट लागलं. रविवारी सकाळी रिकाम्या उतारावर चाचणी ठरली. अख्खं मंडळ हौसेनं ट्रकमध्ये मागं उभं राहिलं, सर्वांत पुढं आप्पाराव. अर्ध्या उतारावर काकांनी सवयीनं दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. ट्रक जागच्या जागी रुतल्यासारखा उभा राहिला. मंडळ थांबलं नाही. ते सगळं आप्पारावांच्या पाठीवर आलं.

"एकच पाय, काका!" नागनाथ खालून ओरडला. "आन् तोबी नुसता अंगठा!"

दुसऱ्या खेपेला काकांनी नुसता अंगठा टेकवला. गाडी मांजरासारखी थांबली. काकांनी उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

अकरा इंचीचं काय करावं हा प्रश्न धम्मशीलाबाईंनी सोडवला. विहाराच्या दारात पाण्याचा माठ नेहमी लवंडायचा, त्याच्या बुडाखाली ते दिलं. माठ नेमका बसला. पाणी प्यायला वाकणाऱ्या प्रत्येकाला आता 'भावी नगरसेवक' वाचावंच लागतं. आप्पारावांनी माठाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि भेट सत्कारणी लागली म्हणून समाधान मानलं.

सोमवारी सकाळी काकांनी सगळं धुणं एका दमात दोरीवर टाकलं, पांढरी साडी सर्वांत आधी. गुडघ्याची गोष्ट आता गावभर झाली होती, लपवायला काही उरलं नव्हतं. धम्मशीलाबाईंनी पिशवीत भाकरी आणि नारळाची चटणी बांधून दिली. काकांना साडेदहाच्या एसटीनं परभणीला जायचं होतं, गुडघ्याचा फोटो काढायला.