परस्पर ठरलेली गरिबी

परदेशातल्या गिऱ्हाइकांकडून पैसे मागवायचं ॲप काढणाऱ्या एका तरुणाने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. मनात आणलं असतं तर जमलं असतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

वराळ्याला माझा शेंगदाणे भाजायच्या यंत्रांचा कारखाना आहे. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांची बिघडलेली भाजणी यंत्रं दुरुस्त करत सुरुवात केली. आता माझी यंत्रं युगांडात जातात. तिथला माझा व्यापारी घासाघीस करण्यात माझ्या तोडीचा. आमचं भांडण व्हिडिओ कॉलवर चालतं आणि मी मुद्दाम पाठीमागे नवं लेथ मशीन दिसेल असा बसतो. या माणसाला विकायची घाई नाही, हे समोरच्याला दिसलं पाहिजे. माझा सगळा भाव त्यावर टिकून आहे.

त्या तरुणाने मला मळवलीच्या बंगल्यावर जेवायला बोलावलं. त्याच्या कंपनीतली मंडळी तिथे विचार करायला उतरली होती. भिंतभर रंगीत कागद चिकटवले होते. 'उदयोन्मुख बाजारपेठां'मधले अनोळखी व्यापारी एकमेकांवर विश्वास कसा ठेवतील, हा प्रश्न होता आणि उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं. मी भाकरी मोडता मोडता म्हटलं, इसार घ्या. थोडी रक्कम आधी द्यायची, सौदा मोडला तर ती बुडाली. तुमचं ॲप ती मधे धरून ठेवेल आणि माल बोटीवर चढला की सोडेल. मी आणि माझा व्यापारी पहिल्यापासून इसारावरच चालतो. सगळ्यांनी जेवण सोडून लिहून घेतलं.

मग फोटो काढू म्हणाले, शेजारच्या भातखाचराच्या बांधावर.

"काका, बूट काढा ना, चिखल आहे."

मला वाटलं, पोराला माझ्या बुटांची काळजी आहे. बंगला सांभाळणारी मावशी खाचरात लावणी करत होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, बूट कुटं गेलं? इकलं व्हय?"

तिला तेव्हाच कळलं होतं.

पुढे त्यांचा जाहिरातीचा व्हिडिओ आला. ॲपमध्ये इसाराचं बटण होतं, नाव इंग्रजी आणि शोध त्या तरुणाचा. व्हिडिओत माझा तो बांधावरचा फोटो: मी अनवाणी, हातात फोन, मागे भात. या गरीब माणसाला परदेशी व्यवहार ठाऊकच नव्हता, या बटणाने त्याला धीर दिला, असं एक बाई गहिवरून सांगत होती.

व्हिडिओ युगांडात पोचला. इतकी वर्षं माझ्याशी भांडलेला माणूस व्हिडिओ कॉलवर चक्क मायेने बोलला. एवढे हाल आहेत हे आधी का नाही सांगितलंस, म्हणाला. पैसे लवकर देतो, तू भाव उतरव. मी कॅमेरा लेथकडे वळवला. त्याने हळूच विचारलं, हे कुणाचं?

मी त्या तरुणाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, कारखाना दाखवला असता तर तुम्ही उदयोन्मुख वाटला नसता."

इसाराचं श्रेय ठेव बाबा तुझ्याकडे. पण माझी गरिबी तू कुणाला विचारून ठरवलीस? आणि 'या माणसाच्या पायात बूट होते, मीच काढायला लावले', हे युगांडात फोन करून कोण सांगणार? तू, की ती गहिवरलेली बाई? बोल.