डुमसच्या वाळूत रिक्षा

रिक्षाचं मागचं चाक वाळूत रुतलं आणि भरतीचं पाणी आत माझ्या पावलांना लागलं. शेजारी नणंद रडायला लागली. दोनच दिवसांपूर्वी हजीरा बंदरातून मोठ्या बोटीनं दीवला जाऊन आलो तेव्हा ही बाई खिदळत होती. उद्या तिची अमळनेरची गाडी होती, म्हणून शेवटच्या दिवशी तिला सुरत दाखवायला निघालो होतो. सकाळी साड्यांचा बाजार केला, मग डुमसचा किनारा. तिथं सगळेच गाड्या वाळूवर नेतात, तशी आमचीही रिक्षा गेली.

रिक्षावाला आमच्या गल्लीतला, धुळ्याकडचा. बायकोपेक्षा रिक्षाला जास्त जपतो. पाय झटकल्याशिवाय कुणाला बसू देत नाही. दर वाक्याला “काय समजल्या?” विचारतो, तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

त्या दिवशी तो रिक्षाकडे पाठ करून आमच्यापुढे वाकला.

“मावशी, पाठीवर बसा.”

“आधी रिक्षा ढकल,” मी ओरडले. “तुझं पोट आहे तिच्यावर!”

“या गुडघ्यांनी पळणार आहात का तुम्ही? बसा. काय समजल्या?”

एकेकीला त्यानं कोरड्या वाळूवर नेऊन ठेवलं आणि मग परत धावला. पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं होतं. नणंदेनं डोळे पुसले आणि पिशवीतल्या दोन कोऱ्या साड्या त्याच्याकडे फेकल्या.

“चाकाखाली घाल रे भाऊ!”

“नव्या आहेत, ताई!”

“घाल म्हणते ना!”

त्यानं साड्या अंथरल्या. किनाऱ्यावर कणसं भाजणाऱ्या दोघा भुट्टेवाल्यांनी मागून जोर लावला. रिक्षा गुरगुरत वर आली, तशी नणंद टाळ्या पिटत नाचली. मीही हसले.

नणंद, मी आणि तो, तिघंही अंधार पडायच्या आत घरी पोचलो.