बुधवारचं रिकामं विमान

कुणी सहज म्हणून ‘या एकदा आमच्याकडे’ असं म्हणालं, की मार्थाबाई लगेच विचारायच्या, “कधी?”

आपल्याकडे ‘या एकदा’ हे निरोपाचं वाक्य आहे. चहाचा कप खाली ठेवून चप्पल पायात सरकवताना तोंडाला काहीतरी हवं म्हणून ते म्हणायचं असतं. त्यावर ‘येऊ की’ म्हणायचं आणि दोन्ही बाजूंनी विसरून जायचं. मार्थाबाईंना हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्या तारीख विचारायच्या आणि समोरच्यानं चाचरत सांगितलेल्या तारखेला खरोखर त्याच्या दारात उभ्या राहायच्या. त्यांच्यामुळे आमच्या बेलापुरात निम्मी माणसं ‘या एकदा’ म्हणायचीच बंद झाली होती.

मार्थाबाई साळवे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आमची पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यात एक कमरेएवढी भिंत. त्यांचे यजमान, साळवे सर, लवकर गेले. एकच मुलगी, रूथ. ती नर्स झाली, बंगळूरला नोकरी धरली, तिथंच लग्न केलं. मागे राहिल्या बाई, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि फिरायची हौस. शिक्षकाच्या पगारात ही हौस कशी भागणार, असं मला वाटायचं. मला काय काय वाटायचं ते सांगत बसले तर बाईंचं राहूनच जाईल.

सुरुवात स्टेशनवर झाली. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर आहे. तिथं शिर्डीला निघालेलं कोइमतूरचं एक कुटुंब शेवटची बस चुकल्यामुळे बॅगांवर बसलेलं बाईंना दिसलं. बाईंनी त्यांना टेम्पोत घातलं आणि घरी आणलं. मी भिंतीवरून विचारलं, “बाई, ओळख ना पाळख, कोण ही माणसं?” त्या म्हणाल्या, “सकाळपर्यंत होईल की ओळख.” सकाळी ती माणसं जाताना हिंदीत म्हणाली, आमच्याकडे या कधीतरी. बाईंनी विचारलं, “कब?” आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या आठवडाभर कोइमतूरला राहून आल्या. हॉटेलला एक पैसा दिला नाही.

आमच्याकडे शेतात सावड असते. आज तुम्ही माझ्या कांद्याच्या खुरपणीला या, उद्या मी तुमच्या खुरपणीला येते. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. बाईंनी ही सावड अख्ख्या देशाशी सुरू केली. त्यांचा हिशेब साधा होता. सगळ्या देशाला कधी ना कधी शिर्डीला यायचं असतं, आणि शिर्डी आपल्यापासून तासाभरावर. म्हणजे सगळ्या देशाला आपल्या घराची गरज आहे. कोइमतूरवाल्यांनी त्यांच्या व्याह्यांना पाठवलं, व्याह्यांनी नेल्लोरच्या भावाला. पुढे तर ओरिसातले, आसामातले लोक येऊ लागले. चर्चला जाणारी बाई साईबाबांच्या भक्तांना अंथरुणं घालते, याचं गावाला नवल वाटायचं. त्यावर बाई म्हणायच्या, “दर्शन त्यांचं त्यांनी घ्यावं. मी फक्त गोधड्या देते.”

राहण्याचं असं फुकटात बसवल्यावर त्या प्रवासाच्या मागे लागल्या. शिर्डीला विमानतळ झाल्यापासून तर त्यांना दुसरं काही सुचेना. आमच्या गिरणीत गव्हाच्या पोत्यावर बसून त्या मोबाईलवर विमानाचे भाव बघायच्या, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, “कमल, कांद्याचा ट्रक मुंबईला भरून जातो. येताना?”

“येताना रिकामा.”

“मग येताना ड्रायव्हर भाड्याला घासाघीस करतो का? मिळंल ते घेतो. विमानाचं पण तेच हाय. गुरुवार बाबांचा वार. लोक बुधवारी भरभरून शिर्डीला येतात. ते उतरले की विमान रिकामं परत जातं. आपण त्यात बसायचं. गर्दी जिकडून येती ना, तिकडं जायचं.”

हे खरं की खोटं ते विमानवाल्यांना ठाऊक. पण बाई कायम बुधवारीच उडायच्या आणि जायची-यायची दोन्ही तिकिटं काही महिने आधी काढून ठेवायच्या. सामानाचे जास्तीचे पैसे त्यांनी कधी भरले नाहीत. त्यासाठी साळवे सरांचा कोट होता. बॅग वजनकाट्यावर ठेवतात, अंगातला कोट ठेवत नाहीत, हा शोध त्यांना पहिल्याच प्रवासात लागला. कोटाला आतून आणखी खिसे शिवून घेतले. एका खिशात शेंगदाण्याची चटणी, एकात दशम्या, एकात चष्मा, बायबल आणि पाहुण्यांच्या लेकरांसाठी गुडदाणी. भर मे महिन्यात कोट घालून बाई निघाल्या की आमचे हे म्हणायचे, “बाई चालल्या काश्मीरला.” त्या चालल्या असायच्या मद्रासला. तपासणीवाल्यानं एकदा चटणीचा डबा उघडायला लावला, तर बाईंनी त्याला चव घ्यायला लावली. तो माणूस साताऱ्याचा निघाला. तोही पुढे बायकोला घेऊन शिर्डीला आला आणि कुठे उतरला ते सांगायला नको.

हसत हसत सांगते आहे खरी, पण बाईंच्या जिवाला एक गोष्ट लागून राहिली होती. सगळा देश पालथा घालणाऱ्या या बाईला स्वतःच्या लेकीच्या घरी राहायला मिळालं नव्हतं.

रूथच्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा बंगळूरला गेल्या तेव्हा रूथचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. जावई सज्जन. सासूबाईंची आबाळ नको म्हणून त्यानं समोरच्याच गल्लीतल्या चांगल्या हॉटेलात खोली घेतली, सकाळच्या नाश्त्यासकट. रूथलाही वाटलं, आई आयुष्यभर लोकांच्या घरी चटईवर झोपली, एकदा तरी गादीवर झोपू दे. दोघांनी कौतुकानं केलं. बाई एक रात्र तिथं राहिल्या. पैसे भरलेले म्हणून सकाळी नाश्ता पोटभर खाल्ला. मग परतीचं तिकीट बदललं, त्याचा दंड भरला आणि घरी आल्या. दंड भरून तिकीट बदलल्याचं त्यांच्या आयुष्यातलं हे एकच उदाहरण.

मी भाकरी घेऊन गेले तर अंगात कोट तसाच, ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, “चादर इतकी पांढरी हुती कमल, की बसायला भ्या वाटलं.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “परक्याच्या घरी मी पाहुणी असते. लेकीच्या गावात गिऱ्हाईक झाले.”

मी म्हटलं, “अहो, प्रेमानं केलं त्यांनी.”

“व्हय. प्रेमानंच केलं. म्हणून तर भांडता पण येईना.”

त्यानंतर दर रविवारी रूथचा फोन यायचा. शेवटी ती म्हणायची, “ये ना आई एकदा.” बाई विचारायच्या, “कधी?” आणि रूथ म्हणायची, “बघू, जरा मोठं घर मिळालं की सांगते.” बाई फोन स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे भिंतीच्या अलीकडे मला हे ऐकू यायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा. अख्ख्या हिंदुस्थानाकडून तारीख काढून घेणाऱ्या बाईला पोटची पोर तारीख देत नव्हती. बंगळुरात मोठं घर मिळणं म्हणजे काय चेष्टा आहे? बरीच वर्षं ते मिळालं नाही. रूथलाही सुट्टी मिळायची नाही. नाताळात बाई दाराला चांदणी लावायच्या, केक चर्चमधून आणायच्या आणि सगळा पाहुण्यांना वाटून टाकायच्या.

असाच एक नाताळ होता. शिर्डीला वर्षअखेरची गर्दी, त्यामुळे बाईंच्या घरात नेल्लोरची दोन बिऱ्हाडं. दोन्ही खोल्या भरलेल्या, दोरीवर कपडे वाळवायलासुद्धा जागा नाही. दुपारी दारात टॅक्सी थांबली आणि रूथ उतरली. न कळवता आली होती, ड्युटी बदलून मिळाली म्हणून. बाईंना आनंद झाला की धक्का बसला ते चेहऱ्यावरून कळेना. त्या एवढंच म्हणाल्या, “कळवून यायचं न्हाई का?”

रूथ दारातूनच घरभर पसरलेली ती अनोळखी माणसं बघत राहिली. पाहुणे भले होते, ते बॅगा आवरायला लागले. बाईंनी त्यांना बसवलं. “शब्द दिलाय तुम्हाला. आणि आजच्या दिवशी तरी कुणाला जागा न्हाई म्हणायचं न्हाई.” आता रूथचं काय, हा प्रश्न सगळ्यांसमोर उभा. तेवढ्यात आमचे हे भिंतीवरून म्हणाले, “श्रीरामपूरला चांगलं लॉज हाय की. गरम पानी बी हाय.”

यांना कुठे काय बोलावं ते जन्मात कळलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. रूथची मान खाली गेली. बाई तिच्याकडे बघत होत्या. माझ्या मनात आलं, आता वचपा काढतात की काय. काढला असता तर मी त्यांना दोषही दिला नसता.

बाईंनी तिच्या हातातली बॅग घेतली. “लॉज कशाला? माझी खाट हाय स्वयंपाकघरात. जरा सरकून झोपू.”

ती खाट म्हणजे एका माणसानं कूस बदलायचं तर आधी विचार करायला लागावा एवढी. सकाळी मी दूध घेऊन गेले तर रूथ खाटभर पसरून गाढ झोपलेली आणि बाई कडेला जेमतेम टेकून बसलेल्या, भिंतीला पाठ लावून. रात्रभर तशाच असाव्यात. मला बघून हळूच म्हणाल्या, “लहानपणी लाथा मारायची. अजून मारती.” इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

चहा पिताना रूथ त्या खाटेवर हात फिरवत होती. मग म्हणाली, “आई, माझ्याकडची खाट हिच्यापेक्षा मोठी आहे.”

“मग?”

“मग ये माझ्याकडे.”

“कधी?”

“आज. माझ्याबरोबर.” आणि तिनं मोबाईल काढला. बाईंनी चष्मा लावून त्यात डोकावलं आणि मागे सरकल्या. “नाताळात कुणी विमानानं जातं का? भाव बघ की. संक्रांत झाली की बुधवारी येते.”

त्या क्षणी मला त्यांना दोन रट्टे द्यावेसे वाटले. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी कान टवकारले, तो आला तर ही बाई भाव पडायची वाट बघते. रूथ मात्र हसली, डोळे पुसत हसली, आणि म्हणाली, “बुधवारी तर बुधवारी.”

संक्रांत झाली. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला घराची किल्ली दिली आणि कुठली बिऱ्हाडं केव्हा यायची आहेत ते तोंडपाठ सांगितलं. “तू फक्त दार उघड. पुढचं ते करतात.” ओसरीत मोठी बॅग भरलेली, वर दोरीनं बांधलेली गोधडी. मी विचारलं, “ही कोटात कशी बसायची?”

“सामानाचे पैसे भरलेत.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “आणि परतीचं तिकीट?”

“परतीचं नंतर बघू.”

हे ऐकल्यावर मला जे कळायचं ते कळलं. मी म्हटलं, “बाई, तिकडं आजारीबिजारी पडलात तर? इथं सरांच्या कबरीशेजारची जागा राखून ठेवलीय तुम्ही.”

“तिकडं काही झालं तर तिकडंच. मी चौकशी केलीय. मेल्यावर माणूस सामानात धरतात, कमल. वजनावर भाडं. तिथं कोटाचा काही उपयोग न्हाई.”

“आणि सर?”

“सर थांबतील. त्यांना सवय हाय.”

बंगळूरला त्या दीडेक वर्ष राहिल्या; खाटेवर मायलेकी, जावई खाली गादीवर. फोनवर सांगायच्या, ते समोरच्या गल्लीतलं हॉटेल खिडकीतून दिसतं. रोज रात्री त्याची पाटी बघते, मग झोप चांगली लागते. शेवटी झोपेतच गेल्या, लेकीच्या त्याच खाटेवर. रूथ सकाळी रात्रपाळीहून आली आणि आईला सरकायला सांगत राहिली, मग तिला कळलं. तिनं मला फोनवर विचारलं, “मावशी, आईला गावाला आणू का?” मी तिला सामानाच्या भाड्याचं सांगितलं. ती रडत होती, त्यातच तिला हसू फुटलं. तिथंच त्यांना माती दिली. मी गिरणी बंद ठेवली आणि दिवसभर रडले. भिंतीपलीकडे बघवेना.

त्याच आठवड्यात गुवाहाटीचं एक बिऱ्हाड दारात उभं राहिलं. बाईंनीच फोनवर ठरवलेलं. त्यांना काय सांगावं, मला सुचेना. मी किल्ली आणली, दार उघडलं, गोधड्या काढून दिल्या. त्यांच्यातल्या आजीबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “बाई कुठं आहेत?”

“लेकीकडे,” मी म्हणाले. त्यांचं समाधान झालं. आमच्याकडून पिठलं-भाकरी नेऊन दिली तेव्हा लक्षात आलं, आपण खोटं काहीच बोललेलो नाही.

नंतर एका रविवारी रूथचा फोन आला. आईचा कोट तिच्याकडे आहे, खिशात अजून गुडदाणी निघते, असं काहीबाही बोलत राहिली. फोन ठेवताना म्हणाली, “कमलमावशी, या ना एकदा माझ्याकडे.”

मी जन्मात विमानात बसलेले नाही. गिरणी सोडून मला कुठे जाता येत नाही. ‘येऊ की’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

“कधी?” मी विचारलं.



“बुधवारी,” रूथ म्हणाली. “बुधवारी शिर्डीहून विमान रिकामं येतं.”